नवा स्टिरिओ बसवला आणि गाडी सुरू होईना: बॅटरी विकत घेण्याआधी मीटर लावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहणाऱ्या एका गृहस्थांची २०१६ ची पेट्रोल स्विफ्ट, मॅन्युअल गिअरची. रविवारी कंपनीचा स्टिरिओ काढून त्यांनी नऊ इंची अँड्रॉइड सिस्टिम, रिव्हर्स कॅमेरा आणि सीटखाली छोटा अँप्लिफायर बसवून घेतला. सोमवारी ऐरोलीला ऑफिसला जाऊन आले, सगळं ठीक. मंगळवारी घरून काम, गाडी सोसायटीच्या पोडियम पार्किंगमध्ये उभी. बुधवारी सकाळी चावी फिरवली तर डॅशबोर्डवरच्या मीटरचे दिवे मंद आणि नुसतं टक-टक-टक. शेजाऱ्यांच्या गाडीवरून जम्प देऊन चालू केली, दोन दिवस चालवली. शनिवार-रविवार उभी राहिली आणि सोमवारी पुन्हा तेच. स्टिरिओवाला म्हणतो, बॅटरी चार वर्षांची आहे, तिचं आयुष्य संपलं. बॅटरीवाला म्हणतो, सिस्टिमने खाल्ली, पण आता नवीच टाका. वडील म्हणतात, जुना स्टिरिओ परत लाव. ऐकायचं कोणाचं?

तूर्तास कोणाचंच नाही. तिघांच्याही बोलण्यात थोडं थोडं खरं असू शकतं. चार वर्षांची बॅटरी थकलेली असणारच, पण त्या रविवारपर्यंत ती रोज सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटर, चालवत होती. त्यानंतर तिच्यावर काहीतरी नवं ओझं आलं. ते किती आहे हे मोजता येतं, आणि आकडा समोर आला की दुकानदाराशी वाद घालावा लागत नाही. मी वागळे इस्टेटमध्ये गाड्यांच्या वायरिंगचंच काम करतो. अशी गाडी आली की गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न असतो, 'बॅटरी कितीला पडेल?' माझं म्हणणं असतं, आधी मल्टिमीटर तरी लावू द्या.

तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. रोज चालवली तर गाडी सुरू होते, दीड-दोन दिवस उभी राहिली की मान टाकते. म्हणजे चावी काढल्यावरही कुठेतरी करंट जातोय. नुसतीच बॅटरी संपली असती तर गाडीने संध्याकाळी ऑफिसबाहेरसुद्धा दगा दिला असता.

पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाची गाडी वेगळ्या तऱ्हेने बंद पडली असेल, म्हणून चावी फिरवल्यावर नेमकं काय होतं ते आधी नीट बघा आणि ऐका. नुसतं 'गाडी सुरू होत नाही' म्हणून फोन केला तर मेकॅनिकला काहीच कळत नाही. टक-टक-टक असा भराभर आवाज आणि दिवे मंद, म्हणजे बॅटरीत जोर नाही किंवा टर्मिनल सैल आहे. चावी फिरवली आणि काहीच झालं नाही, मीटरसुद्धा पेटलं नाही, तर टर्मिनल पूर्ण सुटलंय किंवा मोठा फ्यूज गेलाय. मीटर झगझगीत पेटलंय, हॉर्न खणखणीत वाजतोय, पण सेल्फचा आवाजच नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका. चावीखालचा इग्निशन स्विच, त्याचा कपलर (वायरी जोडणारा प्लग), सेल्फचा रिले किंवा क्लच दाबल्यावर चालणारा स्विच बघा. आणि सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर गोष्ट इमोबिलायझर (चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी सोय), पेट्रोलचा पंप किंवा इंजिनच्या कॉम्प्युटरला जाणाऱ्या सप्लायची. शेवटच्या दोन प्रकारांवर पुढे येतो. तुमचा पहिला प्रकार आहे.

बोनेट उघडा आणि बॅटरीची दोन्ही टर्मिनल हाताने फिरवून बघा. स्टिरिओ बसवताना शहाणा माणूस निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवतो. परत लावताना तो घाईत ते नुसतं दाबून बसवतो आणि नट अर्धाच आवळतो. त्या दिवशी गाडी चालते. मग घोडबंदरचे खड्डे खाऊन क्लॅम्प हलायला लागतो. हाताने जरासुद्धा फिरला तरी तो सैलच समजा. दहाच्या पान्याने आवळा. पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा टाकून धुवा, वायर ब्रशने पोस्ट (टर्मिनल बसतो तो बॅटरीचा खांब) घासा, कोरडं करून मग आवळा. ऐरोली, वाशी, कोपरखैरणे या खाडीच्या पट्ट्यात ही बुरशी लवकर धरते. पान्याने एकाच वेळी पॉझिटिव्ह टर्मिनल आणि बॉडीचं लोखंड शिवू नका, ठिणगी मोठी पडते.

टर्मिनल घट्ट असतील तर व्होल्टेज बघा. साधा डिजिटल मल्टिमीटर पाचशेच्या आसपास मिळतो आणि ज्याच्याकडे गाडी आहे त्याच्याकडे तो असावा असं माझं मत आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर, चावी न लावता, १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे पाव, आणि ११.८ च्या खाली रिकामी. मग दुसऱ्या माणसाला चावी फिरवायला सांगून मीटरवर नजर ठेवा: सेल्फ फिरताना आकडा ९.६ च्या खाली जायला नको. गाडी चालू झाल्यावर हेडलाइट आणि एसी लावून १३.८ ते १४.५ च्या दरम्यान दिसलं की अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी भरणारं यंत्र, आपलं काम करतोय. अलीकडच्या काही गाड्यांत कॉम्प्युटर चार्जिंग कमीजास्त करतो, त्यामुळे आकडा मधूनच १३ च्या आत गेला तर लगेच घाबरू नका. तुमच्या गाडीत मात्र तो स्थिर दिसायला हवा.

आता स्टिरिओच्या मागे चला, कारण माझा संशय तिथेच आहे.

बाजारातल्या बहुतेक सिस्टिमना तीन मुख्य वायरी असतात. पिवळी वायर कायमच्या १२ व्होल्टवर. घड्याळ आणि तुमची सेटिंग्ज तिच्यावर जिवंत राहतात. लाल वायर चावी फिरवल्यावर येणाऱ्या सप्लायवर, ज्याला आम्ही एसीसी म्हणतो. सिस्टिमला 'आता जागी हो, आता झोप' हे लाल वायर सांगते. काळी वायर अर्थिंगची. यांच्याशिवाय पांढऱ्या पट्ट्याची निळी वायर अँप्लिफायरला चालू-बंद करते, नारिंगी रात्रीचा प्रकाश मंद करते, आणि पांढरी, करडी, हिरवी, जांभळी या जोड्या स्पीकरच्या. हे रंग सिस्टिमच्या बाजूचे. गाडीच्या बाजूच्या वायरींचे रंग कंपनीगणिक वेगळे असतात, त्यांच्यावर या रंगांचा भरवसा ठेवायचा नाही.

घोळ बहुतेक वेळा लाल वायरीत होतो. बसवणाऱ्याला गाडीच्या कपलरमध्ये एसीसी सापडली नाही, किंवा शोधायला वेळ नव्हता, की तो लाल आणि पिवळी एकत्र पिळतो आणि दोन्ही कायमच्या सप्लायवर देतो. सिस्टिम छान चालते. गिऱ्हाईक खूश, गाणी चालू, पैसे देऊन घरी. पण चावी काढली तरी सिस्टिमला वाटतं गाडी चालूच आहे. गिऱ्हाइकाने स्क्रीनवरचं बटण दाबून ती 'बंद' केलेली असते, म्हणजे फक्त काच काळी झालेली असते. आतला प्रोसेसर जागाच. डॅशबोर्डची पट्टी काढली की आत हे लगेच दिसतं: कंपनीचा कपलर कापून टाकलेला, तांब्याच्या तारा बोटांनी पिळलेल्या, त्यावर काळी टेप, आणि उन्हाने टेपचा गोंद वितळून सगळा गुंता बोटाला चिकटतो. त्या टेपखाली दोन रंग एकाच गाठीत दिसले की पुढचं निदान करायची गरज नसते.

डॅशबोर्ड न उघडता घरच्या घरी करायची एक चाचणी आहे. चावी काढा, गाडी लॉक करा, तासाभराने या. चावी फक्त एसीसीपर्यंत फिरवा आणि स्क्रीनकडे बघा. आधी कंपनीचं चिन्ह येऊन फोनसारखी वीस-तीस सेकंद घेत सुरू झाली, तर ती खरंच बंद झाली होती. चावी फिरवताक्षणी सरळ मुख्य पान दिसलं, तर ती झोपलेली होती किंवा जागीच होती. झोपणं हा दरवेळी दोष नसतो. लवकर सुरू व्हावं म्हणून बऱ्याच अँड्रॉइड सिस्टिम काही तास, काही तर दिवसभर, अर्धवट झोपेत राहतात. चांगल्या सिस्टिम त्या अवस्थेत थोडेच मिलिअँपिअर घेतात, स्वस्तातल्या बऱ्याच जास्त. फॅक्टरी सेटिंग्जमध्ये 'एसीसी ऑफ डिले' किंवा 'स्लीप' अशा नावाची वेळ असते. ते पान पासवर्डमागे असतं, तो बसवणाऱ्याकडून घ्या आणि वेळ शक्य तितकी कमी करा. सुरू व्हायला अर्धा मिनिट लागेल, सकाळी सेल्फ तर मिळेल.

मीटर असेल तर चाचणी आणखी सरळ आहे: चावी काढून सिस्टिमच्या लाल वायरीवर व्होल्टेज बघा. शून्य हवं. काही गाड्या चावी काढल्यावरही दार उघडेपर्यंत एसीसी चालू ठेवतात, म्हणून दार उघडून-लावून बघा. तरीही १२ दिसतंय, तर चोर सापडला.

दुसरा संशयित तुमच्या सीटखाली आहे. अँप्लिफायरची जाड वायर थेट बॅटरीवरून येते, आणि त्याला झोपवायचं काम त्या पट्ट्याच्या निळ्या वायरीचं. ती वायर लांब पडली नाही किंवा हाताला लागली नाही की काही जण अँप्लिफायरचं रिमोट टोक सरळ पॉझिटिव्हवर टाकतात. हे ओळखायला मीटरसुद्धा नको. सकाळी गाडी सुरू करायच्या आधी सीटखाली हात घालून अँप्लिफायरला हात लावा. रात्रभर उभ्या गाडीत तो थंडगार असायला हवा. कोमट लागला किंवा त्याचा छोटा दिवा पेटलेला दिसला, तर तो रात्रभर जागा होता.

तिसरा म्हणजे रिव्हर्स कॅमेरा. त्याचा सप्लाय मागच्या रिव्हर्स लाइटवरून घेतला असेल तर प्रश्न नाही. डिकीच्या दिव्यावरून किंवा कुठल्यातरी कायमच्या वायरीवरून घेतला असेल तर तो चोवीस तास चालतो. एकट्याने बॅटरी संपवणार नाही, पण बाकीच्यांना हातभार लावतो.

आता खरा आकडा कसा काढायचा ते सविस्तर सांगतो, कारण यात दोन-तीन जागी माणसं फसतात. चावी काढा. ड्रायव्हरची काच खाली ठेवा, नाहीतर गाडी मधेच लॉक झाली तर बाहेर अडकाल. दाराच्या लॉकची जीभ स्क्रू ड्रायव्हरने आत ढकलून 'बंद' करा, म्हणजे दार उघडं असूनही गाडीला ते लागलेलं वाटेल आणि आतला दिवा विझेल. बोनेटला स्विच असेल तर त्यालाही तसंच फसवा. स्मार्ट की असेल तर ती घरात ठेवून या. मीटरची लाल लीड १० अँपिअर लिहिलेल्या भोकात घाला, चकती डीसी अँपिअरवर. बॅटरीचा निगेटिव्ह क्लॅम्प सैल करून काढा आणि मधल्या जागेत मीटर जोडा: लाल टोक काढलेल्या क्लॅम्पला, काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टला. आता गाडीचा सगळा करंट मीटरमधून जातोय.

पहिल्या मिनिटाला आकडा मोठा दिसेल, अर्धा अँपिअर, एक, कधी दोन. घाबरू नका. गाडीतले कॉम्प्युटर एकेक करून झोपायला दहा ते तीस मिनिटं घेतात. तोवर चहा घेऊन या. त्यानंतर स्थिर झालेला आकडा खरा. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक; साध्या पेट्रोल गाडीत तो वीस-तीसच असतो. १०० च्या वर गेला तर शोधायला हवं. मीटर असा जोडलेला असताना चावी फिरवायची नाही, हेडलाइट लावायचे नाहीत. सेल्फ शंभराच्या वर अँपिअर ओढतो, मीटरचा फ्यूज तिथेच जाईल. आणि काम संपल्यावर लाल लीड आठवणीने व्होल्टच्या भोकात परत घाला. अँपिअरच्या भोकात ठेवून नंतर कोणी बॅटरीचं व्होल्टेज बघायला गेलं की ते थेट शॉर्ट सर्किट होतं. घरच्या वायरिंगवाल्याकडचा क्लॅम्प मीटर या कामाचा नाही. तो बहुतेक वेळा फक्त घरातल्या विजेचा एसी करंट मोजतो, गाडीतला डीसी नाही. डीसी मोजणारा क्लॅम्प असेल तर मात्र टर्मिनल काढायचीसुद्धा गरज नाही.

तुमच्या गाडीचा हिशोब करून बघू. छोट्या पेट्रोल गाड्यांत साधारण ३५ अँपिअर-अवरची, म्हणजे एक अँपिअर करंट ३५ तास देऊ शकणारी, बॅटरी असते. चार वर्षांनी तिच्यात २५ उरली असं धरू. सिस्टिम आणि अँप्लिफायर मिळून ४०० मिलिअँपिअर (०.४ अँपिअर) खात असतील तर दिवसाला ९.६ अँपिअर-अवर गेले. सोमवार संध्याकाळपासून बुधवार सकाळपर्यंत छत्तीस तासांत १४.४, म्हणजे उरलेल्या बॅटरीतला अर्ध्याहून जास्त वाटा. एवढं गेल्यावर थकलेली बॅटरी सेल्फ फिरवू शकत नाही, नुसती टकटक करते. आता तोच हिशोब ३० मिलिअँपिअरवर करा: दिवसाला पाऊण अँपिअर-अवरसुद्धा नाही. गणपतीला आठवडाभर गावी जाऊन आलात तरी गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली पाहिजे. म्हणूनच म्हणतो, नवी बॅटरी टाकली तर हा रोग बरा होणार नाही, फक्त दोन दिवसांऐवजी तीन-चार दिवसांनी दिसेल. आणि लेड-ॲसिड बॅटरी पुन्हा पुन्हा तळाला गेली की प्लेटांवर सल्फेट जमून कायमची अधू होते. नव्या बॅटरीचीही तीच गत होईल.

यात घोडबंदरच्या ट्रॅफिकचाही हात आहे. कासारवडवली ते माजिवडा गाडी पहिल्या गिअरमध्ये सरकत असते, एसी चालू, पावसात वायपर आणि हेडलाइट चालू. आयडलवर अल्टरनेटर जेमतेम या सगळ्यांना पुरतो, बॅटरीत जायला फार उरत नाही. त्यामुळे 'रोज चालवतो, चार्ज होतेच की' हे इथे पुरतं खरं नाही. जम्प देऊन सुरू केलेली बॅटरी ऑफिसला जाऊन येण्याने भरत नाही.

आकडा जास्त आला तर दोषी शोधायचा रस्ता सोपा आहे. मीटर जोडलेला ठेवा आणि आधी स्टिरिओचा फ्यूज काढा. तुमच्या गाडीत फ्यूजची पेटी ड्रायव्हरच्या बाजूला डॅशबोर्डखाली आहे, झाकणावर नकाशा असतो; सिस्टिमच्या मागेही तिचा स्वतःचा फ्यूज असतो. काढल्याबरोबर आकडा ४०० वरून ३० वर आपटला तर प्रश्न मिटला. नाही पडला तर अँप्लिफायरचा, बॅटरीजवळच्या जाड वायरीवरचा फ्यूज काढा. दोन्ही काढूनही आकडा तसाच राहिला तर स्टिरिओवाल्याची माफी मागा. मग दुसरे असतात: डिकीत न विझणारा दिवा, हँडब्रेकजवळच्या सॉकेटमध्ये विसरलेला चार्जर, डॅशकॅमचा पार्किंग मोड, लोनच्या वेळी बसवलेला जीपीएस ट्रॅकर, निदानाच्या (गॅरेजवाला स्कॅनर लावतो त्या) सॉकेटमध्ये घातलेला ब्लूटूथ डोंगल. फ्यूज काढायचा नसेल तर त्याच्या माथ्यावरच्या दोन उघड्या टोकांवर मीटर मिलिव्होल्टवर ठेवून बघा. शून्य म्हणजे त्यातून करंट नाही. काही दशांश जरी दिसले तरी त्या वाटेने करंट जातोय. नव्या गाड्यांत ही पद्धत जास्त बरी, कारण फ्यूज काढला-घातला की झोपलेले कॉम्प्युटर पुन्हा जागे होतात आणि पुन्हा अर्धा तास थांबावं लागतं.

आता ज्यांची गाडी दुकानातच किंवा दुसऱ्या दिवशी, बॅटरी भरलेली असूनही सुरू झाली नाही, त्यांच्यासाठी. पहिला संशय फ्यूजवर. बॅटरी न काढता पिवळी वायर कापली आणि ती क्षणभर लोखंडाला लागली की फ्यूज जातो. बऱ्याच गाड्यांत त्याच फ्यूजवर गाडीच्या आतला दिवा, घड्याळ, निदानाचं सॉकेट, आणि काहींत बॉडी कंट्रोलचा (लॉक, दिवे सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचा) काही भागही असतो. म्हणून स्टिरिओबरोबर दिवाही गेला असेल तर तिकडेच बघा. निळा फ्यूज १५ अँपिअरचा, लाल १० चा, पिवळा २० चा, हिरवा ३० चा. जेवढ्याचा गेला तेवढ्याचाच घाला. पुन्हा गेला तर शॉर्ट शोधा. १५ च्या जागी ३० घालणारे आणि सिगारेटची चांदी गुंडाळणारे दोघेही फ्यूजऐवजी हार्नेस (गाडीच्या वायरींचा जुडगा) जाळतात.

दुसरा संशय स्टिअरिंगखालच्या कव्हरवर. एसीसी शोधायला किंवा स्टिअरिंगवरची आवाजाची बटणं जोडायला ते कव्हर उघडतात. तिथे चावीच्या भोकाभोवती इमोबिलायझरची अँटेना-रिंग असते. चावीतली चिप तीच वाचते. तिचा छोटा कपलर ढिला राहिला तर सेल्फ फिरतो, इंजिन पकडत नाही, आणि मीटरमध्ये चावीचं किंवा कुलुपाचं चिन्ह लुकलुकत राहतं. ते चिन्ह दिसलं की बॅटरी, पंप, प्लग काही बघू नका. त्याच जागी इग्निशन स्विचच्या वायरी असतात. ब्लेडने साल काढून एसीसी घेताना अर्ध्या तारा तुटल्या असतील किंवा कपलर पुरता दाबला नसेल तर सेल्फच मुका होतो. आणि त्याच भागात पिवळ्या रंगाचे कपलर किंवा पिवळं कव्हर असलेल्या वायरी दिसल्या तर हात लावू नका, टेस्ट लॅम्प तर मुळीच नको. त्या एअरबॅगच्या असतात.

नव्या गाड्यांत आणखी एक प्रकार आहे. फोक्सवॅगन-स्कोडाच्या बऱ्याच मॉडेलांत स्टिरिओच्या कपलरमध्ये एसीसीची वायरच नसते. चावी फिरवल्याची खबर कॅन नावाच्या दोन पिळलेल्या डेटा-वायरींवरून येते. तिथे त्या गाडीचा कॅन डिकोडर लागतो. तो नसेल तर सिस्टिम बंदच होत नाही. हलक्या दर्जाचा असेल तर स्वतः झोपत नाही, आणि गाडीलाही झोपू देत नाही. या दोन वायरींवर चुकून १२ व्होल्ट गेले किंवा त्या एकमेकींना चिकटल्या तर मीटरमध्ये एकदम दिव्यांची रांग लागते आणि काही गाड्या सुरूही होत नाहीत. अशा वेळी सिस्टिम आणि डिकोडर दोन्ही कपलरमधून सोडवून बघा. तेवढ्याने दिवे विझले तर तुमचं नशीब चांगलं. नाहीतर बॅटरी काढून दोन कॅन वायरींमधला रेझिस्टन्स मोजा. साधारण ६० ओहम हवा. तुमच्या स्विफ्टमध्ये यात पडायची गरज नाही.

पुन्हा गाडी अडली तर काय करायचं, तेही सांगतो. जम्प देताना लाल केबल आधी मेलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी आधी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि शेवटचं टोक मेलेल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. काढताना उलट क्रम. पाच मिनिटं तसंच राहू द्या, मग सेल्फ मारा. मॅन्युअल गाडीला चावी ऑन करून, दुसऱ्या गिअरमध्ये धक्का मारता येतो, फक्त ऑटोमॅटिकला नाही. पोडियमच्या उतारावर धक्का मारताना एक ध्यानात घ्या: इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड असतात. स्टॅक पार्किंगमध्ये गाडी वरच्या पाटावर असेल तर हे काहीच जमत नाही आणि खालची गाडीही अडकते. अशा सोसायटीत राहणाऱ्यांनी दोषाचा छडा लागेपर्यंत रात्री निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवावं. घड्याळ आणि रेडिओची स्टेशनं जातील, पॉवर विंडोचं ऑटो पुन्हा शिकवावं लागेल, एवढंच.

दुकानात परत जाल तेव्हा भांडू नका, आकडा दाखवा. मीटरचा फोटो काढून न्या: सिस्टिमचा फ्यूज लावलेला असताना एवढे, काढल्यावर एवढे. मग काय काय करून हवंय ते नेमकं सांगा. लाल वायर खऱ्या एसीसीवर, चावी काढल्यावर शून्य दाखवून. अँप्लिफायरचं रिमोट सिस्टिमच्या निळ्या वायरीवर. बॅटरीवरून येणाऱ्या जाड वायरीला बॅटरीपासून फूटभराच्या आत फ्यूज. जोड सोल्डर करून त्यावर हीट-श्रिंक स्लीव्ह, टेप नको. कंपनीचा कपलर कापला असेल तर तुमच्या मॉडेलचा अॅडॉप्टर हार्नेस मिळतो, तो घालून द्यायला सांगा; जुना स्टिरिओ कधी परत लावायचा झाला तर वडिलांचीही सोय होईल. आयडल स्टार्ट-स्टॉप असलेल्या गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर बॅटरी सेन्सर असतो. तिथे अँप्लिफायरचं अर्थिंग बॅटरीच्या पोस्टवरून न घेता बॉडीवरून घ्यायला लावा, नाहीतर सेन्सरचा हिशोब चुकतो.

बॅटरीचा निर्णय यानंतर. उभ्या गाडीत जाणारा करंट ५० मिलिअँपिअरच्या आत आणल्यावर बॅटरी काढून साध्या चार्जरवर तीन-चार अँपिअरने रात्रभर पूर्ण भरा, चार-पाच तास तशीच ठेवा आणि व्होल्टेज बघा. १२.५ च्या वर टिकली, आणि गाडीत लावून सेल्फ मारताना १० च्या आसपास राहिली, तर या पावसाळ्यापुरती तरी ती चालेल. पूर्ण भरूनही १२.२ वरच बसली किंवा सेल्फला आठ-नऊवर आपटली, तर तिची वेळ झाली. नवी घ्या आणि जुनी बॅटरी एक्स्चेंजमध्ये द्यायला विसरू नका. रिकाम्या बॅटरीवर टेस्टर लावून 'खराब' असा कागद काढून देणाऱ्याला आधी ती चार्ज करायला सांगा, कारण रिकामी बॅटरी त्या यंत्रावर बहुधा खराबच दिसते.